खारीचा पहिला नकार

तिला सगळे खार म्हणत. शाळेत असताना भिंतीवरून छपरावर आणि छपरावरून झाडावर उड्या मारायची, तेव्हा पडलेलं नाव. पुढे पोटापाण्याचा धंदाही झाडावर चढण्याचाच निघाला आणि नाव कायमचं चिकटलं. वादळात मोडलेली, वाळलेली, घरांवर कललेली झाडं वरून खाली तुकड्यातुकड्याने उतरवायची, हे तिचं काम. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर, पट्ट्याला लटकलेली साखळीची यंत्र-करवत, आणि चेहऱ्यावर जत्रेला निघाल्यासारखा आनंद. चाळिशी जवळ आली तरी त्यात फरक नाही.

तिच्याबरोबर काम करायचे दोघं, तिचा दादा आणि वहिनी. दादाची गंमत अशी, की झाडं उतरवणाऱ्यांच्या घरात जन्मूनही तो बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी भिंत धरायचा. त्यामुळे तो ट्रक चालवायचा, खालून दोर सांभाळायचा आणि वर बघून न मागितलेले सल्ले द्यायचा. "डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!" खार वरून ओरडायची, "उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिलेत, जमिनीवरून खारी हाकणारा तूच एक!"

आणि वहिनी? वहिनीचा शब्द शेवटचा. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा चढायच्या आधी झाडाभोवती एक फेरी मारायची, मान हलवायची आणि सुरू करायचं, एवढीच पद्धत होती. वहिनीने पहिल्याच महिन्यात नियम घातला. तिघांनी झाड वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी न बोलता. मुळं, खोड, फांद्या, वारा, खाली काय आहे, सगळं. मग तिघांनी आपापलं "हो" किंवा "नाही" सांगायचं. एकाचं जरी "नाही" आलं, तरी त्या दिवशी त्या झाडावर कुणी चढायचं नाही. आणि "नाही" म्हणणाऱ्याला जेवण होईपर्यंत कारण विचारायचं नाही. उपाशी माणूस वाद जिंकायला बघतो, झाड बघत नाही, असं तिचं म्हणणं.

वहिनीने आजवर कितीतरी झाडांना "नाही" म्हटलं होतं. दादा तर वारा जरा जोरात आला की "नाही" म्हणायचा. खारीने मात्र कधीच नाही. तिच्या तोंडून तो शब्दच निघत नसे आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. वहिनी कधीकधी म्हणायची, "तुला विचारायचं म्हणजे मांजराला दुधाबद्दल विचारायचं."

त्या आठवड्यात वादळ झालं आणि फोनमागून फोन येऊ लागले. त्यातला एक पियानोवाल्याचा. हा माणूस जुने पियानो दुरुस्त करायचा, सुरात लावायचा. अरुंद गल्लीच्या टोकाला त्याचं दुमजली घर. खाली पुढे काढलेल्या पत्र्याच्या पडवीत कारखाना, वर तो आणि त्याची आई. घराला अगदी खेटून एक प्रचंड निलगिरी उभी होती. वादळात तिची एक जाडजूड फांदी मोडून वरच अडकली होती, आणि नेमकी कारखान्याच्या पत्र्यावर लटकत होती.

"पडली तर?" पियानोवाल्याने तिघं ट्रकमधून उतरताच विचारलं. उंच, बारीक, केस विस्कटलेले, बोटांना सरस लागलेला.

"पडली तर पत्र्यासकट खाली येईल," वहिनी म्हणाली आणि तिने लगेच कारखान्याच्या दाराला लाल पट्टी बांधली. "झाड उतरेपर्यंत आत कुणी जायचं नाही."

त्याने कपाळाला हात लावला. "आत सभागृहाचा मोठा पियानो आहे हो, ताई. परवा संध्याकाळी कार्यक्रम आहे. उद्या रात्रीपर्यंत तो तिथे पोचला पाहिजे. आजच करून टाका ना!"

"बघतो," वहिनी म्हणाली. हा तिचा ठेवणीतला शब्द. त्यातून ताकास तूर लागत नसे.

मग तिघं तीन दिशांना पांगली. वहिनी गुडघ्यावर बसून मुळांपाशी माती चाचपू लागली. कुठे भेग पडलीय का, एका बाजूने जमीन उचललीय का, बुंध्यावर भूछत्रं उगवलीत का. दादा मान वर करून लटकत्या फांदीकडे पाहत होता. वरच्या मजल्याच्या गॅलरीत पियानोवाल्याची आई खुर्ची टाकून बसली होती आणि तिघांवर देखरेख करत होती.

वहिनीने खालूनच तिला हाक मारली, "आजी, या झाडात कधी तार गुंडाळली होती का? खिळे ठोकले होते?"

"छे गं! तार नाही, खिळा नाही. आम्ही काही रानटी माणसं नाही!"

"कपडे वाळत घालायला?"

"कपडे गच्चीवर घालतो आम्ही. चौकशा कमी कर आणि झाड पाड. त्याची पानं माझ्या चहात पडतात."

खार हसत हसत वर गॅलरीत गेली. तिथून खोड हाताच्या अंतरावर होतं आणि थोडं वर ते दोन भागांत फाकत होतं. त्याच बेचक्यात दोर टाकून ती वर जाणार होती. म्हणजे तिचा सगळा भार त्या जागेवर येणार. तिने कठड्यावरून वाकून लांब दांड्याच्या लाकडी हातोडीने खोड ठोकायला सुरुवात केली. ठक. ठक. ठक. भरीव लाकूड कसं वाजतं आणि पोकळ कसं, हे तिला झोपेतही कळलं असतं. ठक. ठक. झकास झाड. ती हातोडी आवरणार, तोच मागून आवाज आला.

"पुन्हा वाजवा जरा."

पियानोवाला दारात उभा होता, डोळे मिटून.

"का हो?"

"ते शेवटच्या आधीचं. बेचक्याच्या जरा खाली."

तिने ठोकलं. त्याने मान तिरपी केली. "इथे सूर बसतोय. आणि मागे काहीतरी किणकिणतंय. बारीक. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"नाही," खार म्हणाली. मग तिने पुन्हा ठोकलं, आणि आता मात्र ते तिला ऐकू आलं. किंवा ऐकू आल्यासारखं वाटलं. एकदा कुणी सांगितलं की कानही फितूर होतात.

"मला झाडातलं काही कळत नाही," पियानोवाला घाईने म्हणाला. "पण पियानोच्या फळीचा सांधा आतून सुटला ना, की बाहेरून काही दिसत नाही, आवाज मात्र असा येतो. कदाचित काही नसेलही. मी आपलं ऐकलं ते सांगितलं."

खारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. झाड आज उतरावं म्हणून हा माणूस सकाळपासून गयावया करत होता. गप्प राहिला असता तर याचंच काम झालं असतं.

"बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली आणि जिना उतरून खाली आली.

झाडाखाली तिघं जमली. "माझं हो," वहिनी म्हणाली. "मुळं घट्ट आहेत, भूछत्रं नाहीत. लटकती फांदी आधी बांधून घ्यायची, मग बाकीचं."

"माझंही हो," दादा म्हणाला. "वारा पडलाय. दुपारपर्यंत आटपू."

दोघांनी खारीकडे बघितलंही नाही. दादा तर ट्रककडे वळला होता, दोर काढायला.

खार तिथेच उभी राहिली. तिच्या डोक्यात एकामागून एक विचार येत होते. वहिनी हो म्हणाली म्हणजे झाड चांगलंच असणार. निलगिरीचं लाकूड चिवट असतं. पियानोवाल्याचा कान पियानोचा, झाडाचा नाही. आणि आज नाही केलं तर बिचाऱ्याचा पियानो अडकून पडेल. सगळे विचार कसे शहाण्यासारखे, एकमेकांच्या हातात हात घालून येत होते. आणि तेवढ्यात तिला उमगलं. चढायचं नसलं की माणसं सबबी शोधतात. ती मघापासून चढण्यासाठी सबबी शोधत होती. आजवर एवढ्या झाडांवर चढली, पण कुठल्याही झाडासाठी तिला सबब लागली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

दादाच्या हातातला दोर खाली पडला. "काय?"

"माझं नाही."

"तू? तुझं?" त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. अगं, काय झालं? का?"

"जेवण होईपर्यंत विचारायचं नाही," वहिनीने त्याला दटावलं. पण तिच्याही भुवया पार केसांपर्यंत चढल्या होत्या.

डबे ट्रकच्या मागच्या फळीवर उघडले गेले. दादा असा भराभर जेवला, की पाहणाऱ्याला वाटावं, महिनाभर उपाशी होता. शेवटचा घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "हं, झालं जेवण! बोल."

खारीने सांगितलं. आवाजाचं, किणकिणण्याचं, सबबींचं. सांगताना तिचे कान तापले होते. "खात्री नाही गं, वहिनी. कदाचित काहीच नसेल. पण मला त्या बेचक्यावर जीव टाकावासा वाटत नाही."

दादाने तोंड उघडलं, वहिनीने डोळे वटारले, तोंड मिटलं.

"मग झाडाला न टांगता वर जायचं," वहिनी म्हणाली. "पिंजऱ्याची गाडी मागवू."

पिंजऱ्याची गाडी म्हणजे लांब लोखंडी हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पिंजरा असलेला ट्रक. त्यात उभं राहिलं की झाडावर अजिबात भार द्यावा लागत नाही. फोन केल्यावर कळलं, गाडी रस्त्यावरचे दिवे बसवायला गेलीय, उद्या सकाळी मोकळी होईल. आणि आणखी एक घोडं अडलं. गाडी गल्लीत शिरली असती, पण पियानोवाल्याच्या फाटकातून नाही.

"फाटक काढतो," पियानोवाला म्हणाला.

"त्याचे खांबही आड येतील."

"खांबही काढतो."

"अरे, घरच काढून ठेव एकदाचं!" आजी वरून ओरडली.

तो संध्याकाळपर्यंत पहार घेऊन खांब खणत बसला. खार आणि दादानेही हातभार लावला. खणताखणता पियानोवाल्याने एकदाही "आज झालं असतं तर" असं म्हटलं नाही. उलट एकदा हसून म्हणाला, "माझ्या एका वाक्याने मी माझंच फाटक पाडलं. आई म्हणते तेच खरं, मी जरा कमी बोलायला हवं."

"दारात उभं राहून डोळे मिटायचंही कमी करा," खार म्हणाली. "माणूस घाबरतो."

घरी जाताना दादाने मात्र उट्टं काढलं. "खार झाडाला भ्यायली! उद्या मासा म्हणेल, पाण्याने सर्दी होते!" खार हसली, पण वरवर. तिच्या मनात एकच भीती होती. उद्या झाड धडधाकट निघालं तर? एवढं फाटक पाडलं, गाडी मागवली, त्या माणसाला टांगणीला लावलं, आणि आत काही नसलंच तर? रात्री तिला झोप लागली ती देवाजवळ एक भलतंच मागणं मागून. झाड पोकळ निघू दे.

सकाळी गाडी आली. फाटकाच्या मोकळ्या जागेतून ती इतकी घासून आत गेली, की दादाने श्वास रोखून पोट आत घेतलं, जणू गाडी त्याच्या पोटावरूनच जात होती. खार पिंजऱ्यात शिरली, पट्टा पिंजऱ्याच्या कडीला अडकवला आणि वर निघाली.

लटकती फांदी दोराने बांधून, एकेक तुकडा करत तिने हळूहळू खाली सोडली. दादाने खाली दोर असा सैल सोडला, की पत्र्यावर एक ओरखडाही उठला नाही. मग शेंडा, मग दोन्ही भाग. निलगिरीचा झणझणीत वास गल्लीभर पसरला. शेजारपाजारचे गल्लीत लावलेल्या पट्टीपलीकडे उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि आजी वरून मोठ्याने प्रत्येक तुकड्याची किंमत करू लागली. "हा चांगला होता! तो मघाचा वाकडा पडला!"

दुपारी ती बेचक्यापाशी पोचली. पहिला काप बेचक्याच्या वर. तिने वाकून पाहिलं. लाकूड घट्ट, भरीव, लालसर, भेगेचा मागमूस नाही. तिचा चेहरा पडला. तिने दुसरा काप खाली घेतला, जिथे आवाज बसला होता तिथे. करवत लाकडात शिरली, शिरत गेली, आणि एकदम कर्कश्श किंचाळी फुटली. ठिणग्या उडाल्या, करवत उसळली आणि तिची साखळी ताडकन तुटली. खारीने करवत बंद केली आणि पिंजऱ्याच्या कठड्याला घट्ट धरलं. पाय भक्कम जागेवर होते. हात, बोटं, सगळं जागच्या जागी. 

"खारे!" खालून वहिनीचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत तो असा फुटलेला कुणी ऐकला नव्हता.

"ठीक आहे! मी ठीक आहे!"

गॅलरीत पियानोवाला कागदासारखा पांढरा पडला होता. खारीने हाताच्या करवतीने आणि छिन्नीने लाकूड थोडं थोडं उकललं. आत मनगटाएवढं जाड लोखंडी कडं होतं, झाडाने पूर्ण गिळलेलं. आजूबाजूचं लाकूड दगडासारखं.

"आजी!" ती ओरडली. "हे काय आहे?"

आजीने चष्मा सारखा केला आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. "अगंबाई! हे तर माझ्या सासऱ्यांचं कडं! त्यांनीच ठोकून घेतलं होतं. याला कप्पी लावून पियानो वर गॅलरीत चढवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बाहेर लोंबायचं. मग कधी दिसेनासं झालं कोण जाणे."

"आजी, काल विचारलं होतं ना मी!" वहिनी खालून म्हणाली.

"तू तार विचारलीस. खिळा विचारलास. कडं कुठे विचारलंस?"

वहिनी काही बोलायला गेली आणि तिला हसूच फुटलं. ती जमिनीवर बसून पोट धरून हसली. मग दादा, मग पट्टीपलीकडचे शेजारी, आणि शेवटी वर पिंजऱ्यात खारही. हसताहसता तिचे डोळे भरून आले, ते तिने हेल्मेटची काच खाली ओढून लपवलं.

बाकीचं खोड नवी साखळी लावून आणि लोखंड चुकवून उतरवलं. काम आटोपल्यावर आजीने सगळ्यांना वर चहाला बोलावलं. खार गॅलरीच्या पायरीवर बसली.

"म्हणजे माझं 'नाही' चुकलंच," ती म्हणाली. "बेचकं धडधाकट होतं. मी टांगून घेतलं असतं तरी काही झालं नसतं."

"साखळी तुटली तेव्हा दोरावर लोंबकळत असतीस," दादा म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"पण ते मला कुठे ठाऊक होतं? मी पोकळ समजून नाही म्हटलं. निघालं लोखंड. नेम चुकला आणि आंबा पडला."

"खारू," वहिनीने कप खाली ठेवला, "माझे 'नाही' तुला सगळे बरोबर वाटतात?"

"तुझे तर बरोबरच असतात."

"निम्म्याहून जास्त फुकट गेलेत गं. बाजारामागचं ते चिंचेचं झाड आठवतं? मी नाही म्हटलं, आठवड्याने उतरवलं तर आत पोलादासारखं. घरी जाऊन रडले होते मी. तुझ्या दादाला विचार."

दादाने मान डोलावली. "रडली आणि मलाच भांडी घासायला लावली."

"मला कधी सांगितलं नाहीस," खार म्हणाली.

"तू कधी नाही म्हणशील तेव्हा सांगायचं म्हणून ठेवलं होतं. मला वाटलं, आता सांगायची वेळ काही यायची नाही." वहिनीने तिच्या केसांतला भुसा झटकला. "फुकट गेलेला नकार परवडतो आपल्याला. त्याची लाज बाळगायला लागलीस ना, तर पुढच्या वेळी ओठावर येऊनही बोलणार नाहीस."

 खारीने चहाचा मोठा घोट घेतला. 

खाली लाल पट्टी सुटली होती आणि हमाल मोठा पियानो फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवत होते. दोर बांधायची वेळ आली तेव्हा पियानोवाला हमालांच्या गाठी बघून कासावीस झाला. "हे सुटेल हो! वळणावर सुटेल!"

"सरका," खार म्हणाली. तिने ट्रकमध्ये उडी मारली, दोर झटकले, घोंगडी घातली आणि पियानो असा आवळला की ट्रक उलटा केला तरी तो हलला नसता. मग तिने एक दोर बोटाने टणकन वाजवून पाहिला आणि त्याच्याकडे वळली. "काय म्हणता, सुरात आहे?"

"किंचित चढा आहे," तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग दोघंही हसली.

त्याने एका गाठीवरून बोट फिरवलं. "सभागृहात उतरवताना हे सोडायला कुणीतरी लागेल. आमच्या हमालांना या गाठी सुटायच्या नाहीत."

"सुरी वापरा की," दादा मागून म्हणाला. वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला.

"चांगले दोर आहेत, कापायचे कशाला?" खार म्हणाली. "मी येते."

ती ट्रकच्या मागच्या बाजूला, पियानोला पाठ टेकून बसली. तो समोर, गुडघे पोटाशी घेऊन. ट्रक फाटक नसलेल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडला. वरून आजी ओरडत होती की आता ऊन थेट डोळ्यांत येतंय, कुणीतरी पडदा लावा. गल्लीच्या तोंडाशी खड्डा लागला आणि पियानोच्या पोटात सगळ्या तारा एकदम हलकेच झणकल्या. तो डोळे मिटून ऐकू लागला. या वेळी खारीनेही मिटले.